नाटकाला निघण्याआधी पाहुण्यांना काय खायला द्यायचं?

पाहुणे पाचला घरी येणार, सातला नाटक, आणि जेवण रात्री दहानंतर कधीतरी. अशा संध्याकाळी भरपेट वाढलं तर पहिल्याच अंकात डोळे जड होतात. नुसत्या चहा-बिस्किटावर निघालो तर मध्यंतरात सगळे खाण्याच्या रांगेत उभे, आणि घंटा झाली तरी अर्धे बाहेरच. या दोन टोकांच्या मधलं, हलकं पण आधार देणारं खाणं कसं जमवायचं ते मी गेली काही वर्षं शिकते आहे. ते इथे पायरीपायरीने सांगते.

शिकण्याची सुरुवात एका चुकलेल्या संध्याकाळी झाली. पुण्याहून नणंदबाई सहकुटुंब आमच्याकडे नागपूरला आल्या होत्या. सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात नाटक होतं, आठ तिकिटं काढलेली. थंडीचे दिवस, म्हणून मी गरमागरम आलूबोंडे करायचं ठरवलं. आमची कढई बेताची, एका घाण्यात चार-पाचच बोंडे मावतात. आठ माणसांना दोन-दोन म्हटलं तरी चार घाणे. पहिला घाणा खाल्लेल्यांची प्लेट रिकामी, शेवटच्यांची अजून भरायची, आणि मी पूर्ण वेळ ओट्याशी. साडी बदलून निघेपर्यंत साडेसहा वाजून गेले. तिसरी घंटा झालेली, पडदा उघडलेला, आणि आम्ही अंधारात मोबाइलच्या उजेडात रांग शोधत बसलेल्या लोकांचे पाय तुडवत चाललो होतो. ज्या नटासाठी नणंदबाईंनी तिकिटं काढायला लावली होती, त्याचा पहिला प्रवेश होऊन गेला होता. त्या काही बोलल्या नाहीत. पण मला ते फार लागलं. पाहुण्यांशी बोलायला म्हणून ठेवलेला तास मी कढईसमोर घालवला होता.

त्या दिवसापासून नियम केला: पाहुणे आल्यावर तेलाची कढई चढवायची नाही. काम आदल्या रात्री आणि सकाळी, संध्याकाळी फक्त परतणं, रचणं आणि वाढणं.

पदार्थ निवडताना

कुठलाही पदार्थ ठरवण्याआधी मी स्वतःला चार गोष्टी विचारते. तो एका हाताने, उभ्याने खाता येईल का? अंगावर सांडेल का? खाल्ल्यावर तोंडाला वास राहील का? आणि फार तहान लागेल का?

सांडण्याचा मुद्दा लोक सहज विसरतात. बाहेर निघालेली माणसं नटूनथटून आलेली असतात, कुणाच्या अंगावर पैठणी असते, कुणाचा पांढरा कुर्ता. म्हणून तर्री-पोहे कितीही आपले असले तरी या वेळेला नाहीत. तर्रीचा एक थेंब आणि हळदीचा डाग, संध्याकाळ तिथेच बिघडली. पाटोडी-रस्सा, दहीवडा, पाणीपुरी, सगळी रसदार मंडळी दुसऱ्या दिवशी दुपारी. वासाचंही तसंच. नाट्यगृहात खुर्चीला खुर्ची लागून असते. कच्चा कांदा, मुळा, कच्चा लसूण खाऊन तिथे तीन तास बसायचं म्हणजे शेजारच्या अनोळखी माणसाला त्रास. तहानेचं कारण उघड आहे: खारट-तिखट खाल्लं की पाणी जास्त प्यायलं जातं आणि मग मधल्या अंकात उठावं लागतं.

किती करायचं, हे जेवण केव्हा आहे त्यावर ठरतं. जेवण दहानंतर असेल तर माणशी सहा-सात छोटे तुकडे, तीन पदार्थांत वाटून. नाटक लवकर सुटणार असेल किंवा मध्यंतरात काही खायचं ठरलं असेल तर चार पुरे. लग्नाच्या रिसेप्शनला जायचं असेल तर खायला घालूच नका. आपल्याकडच्या रिसेप्शनचं जेवण ठाऊक आहे सगळ्यांना. तेव्हा घरी सरबत आणि खाली दिलेल्या संत्रा-पनीरच्या दोन-दोन काड्या, बस.

खाली दिलेली मापं आठ माणसांची आहेत: वडी माणशी तीन, संत्रा-पनीर दोन, भरिताची चकती दोन, आणि मध्ये ठेवायला चक्का.

वाफवलेली सांबाराची वडी

बाहेरच्या वाचकांसाठी आधी सांगते, विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आणि नागपुरात सांबारवडी म्हटलं की डोळ्यांपुढे पुडाची वडी येते, आत खोबरं-खसखस-सांबाराचं सारण भरून तळलेली. ती सुंदरच, पण ते एका अख्ख्या दुपारचं काम आहे आणि तळणीचं आहे. ही साधी, आदल्या रात्री वाफवून ठेवायची वडी.

साहित्य: सांबाराच्या दोन मोठ्या जुड्या (निवडून, चिरून दाबून भरलेल्या तीन वाट्या), दीड वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, एक मोठा चमचा तीळ, चार-पाच हिरव्या मिरच्या आणि इंचभर आलं वाटून, अर्धा चमचा हळद, एक चमचा धणे-जिरे पूड, अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर साखर, दोन मोठे चमचे तेल, चवीला मीठ.

या वडीचं सगळं यश सांबार कोरडा असण्यावर आहे. जुड्या निवडून तीन पाण्यांतून धुवा. विशेषतः पावसाळ्यात मुळाशी माती फार असते. मग चाळणीत निथळा, आणि नंतर सुती पंचावर पसरून पंख्याखाली तासभर ठेवा. पानं हातात घेतली की एकमेकांना चिकटायला नकोत, सुटी पडायला हवीत. ओला सांबार चिरला तर पाणी सुटतं, ते शोषायला बेसन वाढवावं लागतं, आणि वडी बेसनाची होते, सांबाराची राहत नाही. देठ फेकू नका. कोवळे देठ बारीक चिरून घातले की चव जास्त येते.

चिरलेल्या सांबारावर आधी मीठ, साखर, लिंबू, हळद आणि वाटण घालून हाताने हलकं कालवा आणि दहा मिनिटं थांबा. मिठाने पानं बसतात, थोडा ओलावा सुटतो. मग दोन्ही पिठं आणि तीळ घाला. तेल कडक गरम करून वरून घाला, चर्र आवाज यायला हवा. या मोहनाने वडी आतून खुसखुशीत राहते. आता पाणी चमच्याचमच्याने. माझ्याकडे बहुतेक वेळा पाव वाटीच्या आतच भागतं. गोळा कणकेपेक्षा सैल आणि भज्याच्या पिठापेक्षा घट्ट हवा, हाताला थोडा चिकटेल इतका.

तेलाचा हात लावून दोन जाडसर वळकट्या करा, साधारण दीड इंच जाडीच्या. तेल लावलेल्या चाळणीत ठेवून, गंजात (पातेल्यात) पाणी उकळलं की वर चाळणी ठेवा, झाकण लावा आणि वीस मिनिटं वाफवा. सुरी खुपसून स्वच्छ बाहेर आली म्हणजे झालं.

घाई होते ती इथे. वाफेवरून काढलेली वळकटी लगेच कापली की चुरा पडतो. बेसनातला स्टार्च थंड होताना घट्ट बसतो, म्हणून ती पूर्ण निवू द्या, मग झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी धारदार सुरीने बोटभर जाडीच्या वड्या कापा. दोन्ही वळकट्यांच्या मिळून पंचवीसेक होतात.

संध्याकाळी मोठ्या तव्यावर दोन मोठे चमचे तेल, मध्यम आच, एका वेळी बारा वड्या. प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं, आणि तोवर सराटा (उलथणं) लावायचाच नाही. कडा तांबूस दिसायला लागल्या की एकदा उलटायची. दोन तव्यांत पंधरा मिनिटांचं काम. हे एवढंच गॅसवरचं काम मी संध्याकाळसाठी ठेवते, कारण ताज्या परतलेल्या सांबाराचा दरवळ पाहुणे दारात आल्यावर घरात असावा असं मला वाटतं.

जवसाची चटणी घातलेला चक्का

एक किलो घट्ट दही सुती कापडात बांधून टांगलं की चार-पाच तासांत अर्धा किलोच्या आतबाहेर चक्का निघतो. आठ जणांना एवढा लागत नाही. अर्धा किलो दही पुरे. हिवाळ्यात ओट्यावरच्या नळाला टांगलं तरी चालतं. पण एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ च्या आसपास असताना, दही दोन तासांत आंबट होतं. तेव्हा कापडाची पुरचुंडी चाळणीत, चाळणी गंजावर, आणि सगळं फ्रिजमध्ये रात्रभर. खाली गळलेलं पाणी फेकू नका, सकाळच्या कणकेत किंवा कढीत जातं.

चक्का चमच्याने फेटून मऊ करा. त्यात दोन मोठे चमचे जवसाची चटणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, किंचित साखर. वरून एक चमचा तेलाची फोडणी: मोहरी, हिंग, आणि गॅस बंद केल्यावर अर्धा चमचा तिखट. आमच्याकडे भिवापुरी मिरचीचं असतं. तेल जळजळीत असताना तिखट घातलं तर काळं पडतं आणि ठसका उठतो, म्हणून गॅस बंद करून पंधरा-वीस आकडे मोजा आणि मग घाला. मीठ मात्र वाढायच्या अगदी आधी. आधी घातलं की चक्क्याला पुन्हा पाणी सुटतं.

लसूण हवा असेल तर सालासकट तव्यावर मऊ होईपर्यंत भाजून कुस्करा. गोडसर चव येते आणि कच्च्या लसणाइतका वास राहत नाही.

सोबत गाजर, काकडी आणि सिमला मिरचीचे बोटभर लांब तुकडे. काकडीच्या मधला बियांचा गाभा काढून टाका, नाहीतर ती पाणी सोडते. दुपारी कापलेले तुकडे निघण्याच्या वेळेपर्यंत लुळे पडतात. ते अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा, पाणी शोषून पुन्हा कडक होतात. मग पंचाने नीट पुसा. ओल्या तुकड्यावर चक्का ठरत नाही.

संत्रा-पनीरच्या काड्या

हा पदार्थ पाहुण्यांना सगळ्यात जास्त लक्षात राहतो आणि करायला सगळ्यात सोपा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी प्लेट पुढे करताना सांगतेच. आपल्याकडे आलेल्या माणसाने आपल्या मातीतलं काही खाऊन जावं असं मला मनापासून वाटतं.

संत्री वर्षातून दोनदा येतात: आंबिया बहाराची दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. घेताना रंगावर जाऊ नका. हातात जड लागतं ते रसाळ. साल फार सुटून पोकळ वाटत असेल तर फळ जुनं झालेलं असतं, आत फोडी सुकलेल्या निघतात.

दोन संत्र्यांत सोळा फोडी सहज होतात, पण सोलताना काही फुटतात म्हणून तीन घ्या. पांढरे धागे काढा. फोडीच्या आतल्या, म्हणजे सरळ कडेला सुरीच्या टोकाने चीर द्या आणि बिया हळूच बाहेर ढकला. पडदा तसाच राहू द्या. पडदा काढला तर फोड काडीवर टिकत नाही आणि रस हातावर येतो.

अडीचशे ग्रॅम पनीरचे दोन सेंटिमीटरचे चौकोन केले तर तीसेक होतात. कोमट पाण्यात चमचाभर मीठ घालून त्यात दहा मिनिटं बुडवा. फ्रिजमधलं कडक पनीर मऊ होतं आणि मीठ आतपर्यंत पोचतं. पुसून घ्या, काळी मिरी आणि भाजलेलं जिरं लावा. काडीवर पनीर, संत्र्याची फोड, पनीर, आणि टोकाला पुदिन्याचं एक पान. काळं मीठ वाढताना चिमटीने वरून. ते आधी भुरभुरलं की दहा मिनिटांत प्लेटमध्ये रस साचतो.

उन्हाळ्यात संत्री नसतील तेव्हा कलिंगड किंवा खरबूज चालतं. कैरीचा पातळ काप आणि पनीर ही जोडी तर मला संत्र्याइतकीच आवडते. फक्त कलिंगडाचे तुकडे आधी चाळणीत निथळा.

पनीर सकाळी आणा, आणि आणल्यावर वास घेऊन बघा. एकदा ऐन दुपारी घरपोच मागवलेलं पनीर आंबूस निघालं, आणि तोवर दुसरं आणायला वेळ राहिला नव्हता. तेव्हापासून बाहेरून येणारी कुठलीच वस्तू संध्याकाळवर ठेवत नाही.

भरिताच्या चकत्या

हिवाळ्यात विदर्भात भरिताच्या पार्ट्या होतात. शेतात पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) पेटवून त्यात हिरवी वांगी भाजतात, आणि तो धुराचा वास बोटांना दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. घरच्या गॅसवर तसं पूर्ण होत नाही, पण जवळ जाता येतं.

अर्धा किलोचं एक मोठं किंवा तेवढ्याच वजनाची दोन वांगी. आधी चार जागी टोचून बघा, अळीचं भोक दिसलं तर ते वांगं बाजूला. तेलाचा हात लावून थेट आचेवर, फिरवत फिरवत, साल पूर्ण काळी पडून देठाजवळचा भाग दबेपर्यंत भाजा. पंधरा मिनिटं लागतात. मग गंजात ठेवून दहा मिनिटं झाका. आतल्या वाफेने साल सुटते आणि धुराचा वास गरात मुरतो. साल हाताने काढा. पाण्याखाली धरलं की साल पटकन निघते हे खरं, पण चव त्याच पाण्याबरोबर वाहून जाते.

गर लाकडी चमच्याने ठेचा. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, भरपूर कांद्याची पात, मूठभर भाजलेल्या फल्लीदाण्यांचं (शेंगदाण्यांचं) जाडं कूट, आणि मग गर. घरच्या जेवणात आम्ही पात कच्चीच घालतो, पण नाटकाच्या दिवशी ती फोडणीत पूर्ण शिजवते. भरीत चांगलं आटवा. तव्यावर सराटा ओढला की मागे वाट राहिली पाहिजे, पाणी परत यायला नको.

खाली ठेवायला ज्वारीची कडक भाकरी. आदल्या दिवशीच्या दोन-तीन भाकरी घ्या, छोट्या वाटीने किंवा झाकणाने पाच सेंटिमीटरच्या चकत्या कापा, आणि अगदी मंद आचेवर कापडाने दाबत दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करा. निवल्यावर डब्यात भरा. संध्याकाळपर्यंत छान राहतात. भाकरी थापायची सवय नसेल तर खाकरा चालतो.

भरीत चकतीवर वाढायच्या पाच मिनिटं आधीच ठेवायचं, लहान चमचाभर, वर डाळिंबाचे दोन दाणे. जास्त वेळ राहिलं की चकती मऊ पडते आणि उचलताना मोडते. आठ जणांसाठी सोळा ठेवा आणि उरलेलं भरीत वाटीत बाजूला.

जामठ्याला मॅच असेल तर

वर्धा रोडवरच्या जामठा स्टेडियमवर जायचं असेल तर मी यादीच बदलते. आत घरचा डबा नेता येत नाही, घरून बरंच लवकर निघावं लागतं, आणि मोकळ्या हवेत बसायचं असतं. तिथे कांद्याच्या वासाची चिंता नाही, म्हणून कच्चा चिवडा. मोठ्या कोपरात (परातीत) अर्धा किलो मुरमुरे, वाटीभर भाजलेले फल्लीदाणे, अर्धी वाटी फुटाण्याची डाळ, पाव वाटी कच्चं तेल, तिखट, मीठ, गोडा मसाला चमचाभर. हे सकाळी कालवून डब्यात. निघण्याआधी बारीक चिरलेला कांदा, टमाटर, सांबार, लिंबू घालून लगेच वाढा. कागदाच्या द्रोणात दिला की गाडीतही खाता येतो. सोबत वड्या. जामठ्यापर्यंत मेट्रो जात नाही, खापरीनंतरचा टप्पा रस्त्यानेच, आणि मॅचच्या दिवशी त्या रस्त्यावर तास जातो. पोटात काहीतरी असलेलं बरं.

आधी विचारून घ्या

आदल्या दिवशी फोनवर एवढंच विचारायचं: कुणाचा उपवास आहे का, कुणाला साखर-मिठाचं पथ्य आहे का, दाणे कुणाला चालत नाहीत का. चतुर्थी-एकादशी आपल्या लक्षात नसते आणि पाहुणा आयत्या वेळी संकोचाने "मला भूक नाही" म्हणतो. त्याला भूक असते. उपवासाला उकडलेल्या रताळ्याचे तुकडे तुपावर परतून, वर जिरं, मीठ आणि लिंबू. सांबार उपवासाला चालतो की नाही हे घराघराप्रमाणे बदलतं, म्हणून तो वेगळ्या वाटीत ठेवते. संत्रा-पनीरही काही घरी चालतं, तेही विचारा.

लहान मुलांसाठी आठ-दहा वड्या कमी तिखटाच्या हव्यात, म्हणून दोन वळकट्यांपैकी एक मिरची कमी घालून करा. काडीची टोकं मात्र मुलांच्या हातात देऊ नका; त्यांना पनीर आणि फोडी वाटीत द्या.

प्यायला

संत्र्याचा रस काढायचा असेल तर अगदी वेळेवर. काढून ठेवलेला संत्र्याचा रस तास-दोन तासांत कडसर होत जातो, आणि बिया चिरडल्या गेल्या तर आणखी कडू. म्हणून मिक्सर नको, हाताने पिळा. माणशी अर्धा पेला, चिमूटभर काळं मीठ. उन्हाळ्यात पन्हं: गर आधीच करून फ्रिजमध्ये ठेवला की पाहुणे आल्यावर पाणी घालायचंच काम उरतं. अंबाडीच्या फुलांचं सरबत मला फार प्रिय आहे, पण त्याचा लाल डाग निघता निघत नाही, त्यामुळे ते साध्या कपड्यांच्या दिवशी.

चहा शेवटी, निघण्याच्या अर्धा तास आधी. चहा मागे ठेवला की लोक वेळेवर उठतात, हा माझा अनुभव आहे.

घड्याळ लावून

नाटक सातला असेल तर घर सहा-दहाला सोडायचं, मग ते सिव्हिल लाइन्सला असो की रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहात. संध्याकाळची गर्दी, गाडी लावणं, आणि आठ माणसांनी आपापल्या खुर्च्या शोधणं यात पन्नास मिनिटं सहज जातात. तिथून उलटं मोजायचं.

आदल्या रात्री: सांबार वाळवून वडी वाफवायची, दही टांगायचं, जास्तीच्या दोन भाकरी करायच्या. यातला बराच वेळ नुसता वाट बघण्याचा.

सकाळी: पनीर आणि संत्री आणायची, वड्या कापायच्या, वांगी भाजून भरीत, भाकरीच्या चकत्या, चक्का कालवणं. तासभर. भरीत निवलं की फ्रिजमध्ये.

साडेतीनला गाजर-काकडी कापून बर्फाच्या पाण्यात. चारला काड्या लावून, ओल्या कापडाने झाकून फ्रिजमध्ये. प्लेट, कागदी रुमाल, पेले मांडून ठेवायचे. मग, साडेचारला, स्वतः तयार व्हायचं. साडी नेसून, केस विंचरून, वर मोठा ॲप्रन. ही पायरी मी कधीच मागे ढकलत नाही.

चार-पन्नासला तवा चढवायचा. पाहुणे पाचला म्हणजे पाच-दहाला येतात, तोवर पहिला घाणा तयार आणि दुसरा तव्यावर. आल्याआल्या सरबत आणि चक्का. सव्वापाचला गरम वड्या, साडेपाचला भरिताच्या चकत्या. भरीत आधी दोन मिनिटं गरम करून. संत्रा-पनीर पावणेसहाला, सगळ्यात शेवटी, कारण त्याने तोंड ताजं होतं. पाच-चाळीसला चहाचं आधण ठेवायचं. सहाला बडीशेप-धनाडाळ फिरवली की सगळ्यांना कळतं, आता उठायचं.

बसवून वाढू नका. बैठकीच्या खोलीत दोन ठिकाणी प्लेटा ठेवा, एक खिडकीशी आणि एक सोफ्याजवळ. लोक हिंडत खातात, एकमेकांशी बोलतात, आणि "अजून घ्या ना" असा आग्रह करत आपल्याला फिरावं लागत नाही. आजी-आजोबा असतील तर त्यांची वेगळी छोटी प्लेट भरून हातात द्या, त्यांना उठायला लावू नका.

निघताना आणि परतल्यावर

उरलेलं ओट्यावर झाकून जाऊ नका. बाहेरचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर पनीर, चक्का, भरीत एका तासाच्या वर बाहेर राहता कामा नये. एरवी दोन तास. नागपुरात वर्षातले बरेच महिने या ३२ च्या वरचेच. डब्यांत भरून फ्रिजमध्ये टाकायला दोन माणसांना तीन मिनिटं लागतात, आणि यासाठी घरातल्या एकाला आधीच सांगून ठेवा. गॅसचा रेग्युलेटर बंद करणं दुसऱ्याचं काम. भांडी नुसती पाण्यात घालून ठेवायची.

रात्री परतल्यावर जेवणाची तयारी करायची नसेल तर दुपारीच खिचडीचे डाळ-तांदूळ मोजून डब्यात काढून ठेवा, भिजवू नका, आणि कुकरमध्ये फोडणीचं साहित्य मांडून ठेवा. आल्यावर वीस मिनिटांत गरम खिचडी होते. उरलेलं भरीत तिच्यासोबत जातं. एखाद-दुसरी वडी उरलीच तर ती सकाळी पोळीत गुंडाळून, आत चक्का लावून, पाहुण्यांच्या परतीच्या गाडीतल्या डब्यात.